शंभर विरुद्ध शून्य : एकतर्फी सामना आणि प्रशिक्षकाची जबाबदारी

दिल्लीत १९८२मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेचा विषय निघाला की आपल्याला अप्पू हत्ती आठवतो, रंगीत दूरदर्शन आठवते आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून झालेला १-७ असा दारुण पराभवही आठवतो. त्याच स्पर्धेत बास्केटबॉलच्या कोर्टवर घडलेली एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. इराकने येमेनवर २५१-३३ अशी मात केली होती. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यातील सर्वाधिक गुणसंख्या म्हणून विक्रमांच्या पुस्तकात त्या सामन्याची नोंद आहे. तीन गुणांच्या बास्केटचा नियम आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये १९८४मध्ये आला, म्हणजे दिल्लीतील हे २५१ गुण दोन-दोन आणि फ्री-थ्रोच्या एकेका गुणाने जमवलेले होते. चाळीस मिनिटांच्या खेळात मिनिटाला सहाहून अधिक गुण! प्रतिस्पर्धी संघाला चेंडू धड अर्ध्या रेषेपर्यंत नेता येत असेल, तर हा वेग गाठताच येत नाही.

दोन संघांच्या कुवतीत तफावत असणे यात नवल नाही. नवल आहे ते हे, की बास्केटबॉलला या तफावतीतून सुटण्याची वाटच ठेवलेली नाही. क्रिकेटमध्ये कर्णधार डाव घोषित करतो. खो-खोमध्ये डावाने विजय मिळतो आणि पुढचा खेळ वाचतो. फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली की पंच तांत्रिक श्रेष्ठत्वावर कुस्ती थांबवतात. बास्केटबॉलमध्ये मात्र पहिल्या पाच मिनिटांतच निकाल लागला तरी उरलेली पस्तीस मिनिटे दोन्ही संघांना कोर्टवर काढावी लागतात. ती कशी काढायची, हे नियमपुस्तिका सांगत नाही; ते प्रशिक्षकाने ठरवायचे असते. आपल्याकडे प्रशिक्षकांच्या शिबिरांत जिंकावे कसे हे तपशीलवार शिकवले जाते. चाळीस गुणांनी पुढे असताना खेळावे कसे, हा विषय सहसा निघत नाही.

डॅलसमधील ५९-०

या विषयावर जगभर चर्चा झाली ती १३ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेतील डॅलस शहरात झालेल्या एका शालेय सामन्यामुळे. कव्हेनंट स्कूलच्या मुलींनी डॅलस अकॅडमीच्या मुलींना १००-० असे हरवले. डॅलस अकॅडमी ही अध्ययनात अडचणी असणाऱ्या विद्यार्थ्यांची छोटी शाळा. संघात मुली अवघ्या आठ, आणि कित्येक हंगामांत या संघाने एकही सामना जिंकलेला नव्हता. मध्यंतराला गुणफलकावर ५९-० असे आकडे होते. तरीही उत्तरार्धात तीन गुणांच्या बास्केटसाठी प्रयत्न सुरूच राहिले आणि शतक जवळ येऊ लागले तसा प्रेक्षकांतील काहींचा उत्साह वाढत गेला. शंभर पूर्ण झाल्यावर, चार मिनिटांचा खेळ बाकी असताना, मारा थांबला.

काही दिवसांनी कव्हेनंट शाळेच्या व्यवस्थापनाने जाहीर क्षमा मागितली आणि हा विजय आपल्याकडून काढून घ्यावा अशी विनंती केली. प्रशिक्षकाला हे मान्य नव्हते. आपल्या मुली सचोटीने खेळल्या, त्यांना लाज वाटण्याचे कारण नाही, असे त्याने लेखी कळवले. शाळेने त्याला कामावरून दूर केले. डॅलस अकॅडमीने त्या हंगामातील उरलेल्या जिल्हा सामन्यांतून माघार घेतली. पुढे डॅलस मॅव्हरिक्स या व्यावसायिक संघाच्या मालकाने या मुलींना आपल्या संघाचा सामना पाहायला बोलावले, वृत्तवाहिन्यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि प्रकरण संपले.

या प्रकरणात प्रशिक्षकाला खलनायक ठरवणे सोपे होते आणि बहुतेकांनी तेच केले. परंतु त्याचे म्हणणे पूर्णपणे उडवून लावण्याजोगे नाही. खेळाडूंना वर्षभर ‘शेवटच्या शिटीपर्यंत जीव तोडून खेळा’ असे सांगायचे आणि एक दिवस अचानक ‘आज खेळू नका’ म्हणायचे, हे बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना कसे समजावे? अडचण खरी आहे. तिचे उत्तर खेळाच्या तंत्रातच दडलेले आहे आणि ते समजण्यासाठी गुणांचा डोंगर नेमका कसा उभा राहतो हे पाहिले पाहिजे.

गुणांचा डोंगर बचावातून उभा राहतो

बास्केट झाल्यावर चेंडू गुण गमावणाऱ्या संघाला मिळतो. पण तो त्यांनी आपल्याच बास्केटमागच्या अंतिम रेषेबाहेरून आत फेकायचा असतो, तोही पाच सेकंदांत. त्यानंतर आठ सेकंदांत तो अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा. बलाढ्य संघ इथेच, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दारातच, त्याला घेरतो. यालाच ‘फुल कोर्ट प्रेस’ म्हणतात. कच्च्या खेळाडूच्या हातून चेंडू सुटतो, हिसकावला जातो, आणि हिसकावणारा खेळाडू त्या वेळी बास्केटपासून चार पावलांवर असतो. एक सोपा ले-अप, दोन गुण, आणि चेंडू पुन्हा त्याच अंतिम रेषेबाहेर, त्याच घाबरलेल्या मुलीच्या हातात. मिनिटभरात हे चार वेळा घडू शकते. आठ गुण गेले आणि पराभूत संघाने अर्धी रेषाही ओलांडलेली नसते.

मोठ्या फरकाच्या सामन्यांत लांबून टाकलेल्या सुरेख बास्केटचा वाटा असतो, पण खरा डोंगर या चक्राने उभा राहतो. म्हणूनच ‘आता बास्केट टाकू नका’ ही सूचना चुकीच्या जागी दिलेली असते. आवर घालायचा तो चेंडू हिसकावण्यावर. चेंडू ठरावीक अंतराने दोन्ही संघांकडे जाऊ लागला की कितीही प्रबळ संघाची गुणांची गती आपोआप निम्म्यावर येते, आणि खेळाडूंना खोटे खेळायलाही लागत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, प्रेस काढून घेणे. पाचही खेळाडूंनी बास्केट झाल्याबरोबर आपल्या अर्ध्या भागात परत यायचे आणि प्रतिस्पर्ध्याला चेंडू निवांत आणू द्यायचा. फरक त्याहूनही वाढला तर बचाव आणखी मागे घ्यावा. ‘मॅन टू मॅन’ सोडून ‘झोन’ बचाव, तोही बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्याला चिकटून. हात वर ठेवायचे, पण ड्रिबल करणाऱ्याच्या चेंडूवर झडप घालायची नाही. यामुळे समोरच्या संघाला बाहेरून बास्केटकडे पाहण्याइतकी उसंत मिळते. त्यांचे नेम चुकतील, हरकत नाही. पण त्यांना नेम धरता येतो, आणि बास्केटबॉल खेळायला आलेल्या मुलाला निदान एवढे तरी मिळायला हवे.

दुसरी गोष्ट फास्ट ब्रेकची. रिबाउंड मिळाला की तो गार्डच्या हाती द्यायचा आणि सर्वांनी चालत पुढे जायचे. मग अर्ध्या कोर्टवरचा आक्रमणाचा डाव मांडायचा: पाच पास झाल्याशिवाय नेम नाही, चेंडू कोर्टच्या दोन्ही बाजूंना गेल्याशिवाय नेम नाही, उंच खेळाडूने आज गार्डची जागा घ्यायची, गार्डने बास्केटखाली खेळायचे. हे सगळे स्वतःच्या संघाच्याही उपयोगाचे असते. सरावात घोटलेला पण सामन्यात कधी वापरायला न मिळालेला एखादा डाव प्रत्येक प्रशिक्षकाच्या वहीत असतो. तो वापरून पाहायला याहून चांगली संधी मिळणार नाही. प्रतिस्पर्ध्याचा मान आणि आपला सराव, दोन्ही एकाच वेळी साधतात.

राखीव खेळाडू उतरवणे हा सर्वांना सुचणारा उपाय. तो केलाच पाहिजे, पण त्यावर विसंबून चालत नाही. बाकावरची मुले प्रेस करत राहिली तर गुणफलक तसाच धावतो. शिवाय इथे एक अन्यायही होतो, ज्याची दखल फार कमी वेळा घेतली जाते. राखीव खेळाडू हंगामभर वाट पाहत बसलेला असतो. त्याला अखेर दहा मिनिटे मिळतात आणि नेमका त्याच वेळी प्रशिक्षक सांगतो, ‘बास्केट टाकू नकोस.’ मुख्य पाच जणांनी चाळीस गुण लुटायचे आणि संयमाचे धडे मात्र बाराव्या खेळाडूने गिरवायचे! त्याऐवजी संयमाची सूचना मुख्य खेळाडू कोर्टवर असतानाच द्यावी, आणि राखीव खेळाडूंना आखून दिलेल्या चौकटीत मनापासून खेळू द्यावे.

काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. चेंडू आपापसांत फिरवत प्रतिस्पर्ध्याला त्यामागे पळवणे हा दयेचा नव्हे, टिंगलीचा प्रकार आहे. मुद्दाम नेम चुकवणे, रिकाम्या बास्केटखाली उभे राहून चेंडू परत देणे, डाव्या हाताने फेकून हसणे, हे सारे समोरच्या मुलांना तत्काळ कळते. शंभर गुणांनी हरलेला खेळाडू कदाचित विसरून जाईल. कोणी आपली कीव केली हे तो विसरत नाही. म्हणून सूचना टाइम आउटमध्ये, घोळक्यात, हलक्या आवाजात द्यावी. बाजूरेषेवरून ‘अरे, आता पुरे, टाकू नका’ असे ओरडणारा प्रशिक्षक मनाने उदार असेलही, पण त्याचे ते औदार्य अख्ख्या मैदानाला ऐकू जाते.

चोवीस सेकंदांची अडचण

इथे एक तांत्रिक पेच आहे. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांतील शालेय सामन्यांत शॉट क्लॉक नसतो, त्यामुळे तिथला संघ मिनिटभर शांतपणे पास देत राहू शकतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मात्र चोवीस सेकंदांत नेम धरावाच लागतो. लंडन ऑलिंपिकमध्ये २ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेने नायजेरियाचा १५६-७३ असा धुव्वा उडवला. तीन गुणांच्या २९ बास्केट झाल्या. कार्मेलो अँथनीने केवळ १४ मिनिटांत ३७ गुण केले. सामन्यानंतर प्रशिक्षक माइक शशेफस्की यांना विचारणा झाली, तेव्हा त्यांनी हाच मुद्दा मांडला. प्रमुख खेळाडू बसवले, झोन बचाव खेळलो, फास्ट ब्रेक थांबवले. पण चोवीस सेकंदांत नेम धरणे भाग होते आणि त्या रात्री नेम लागत गेले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अँथनीलाही शेवटच्या सत्रात बाकावर बसवले होते. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. प्रशिक्षकाची परीक्षा अंतिम आकड्यावरून न करता तो आकडा कसा झाला यावरून करावी, हे या सामन्यातून दिसते.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातील. जानेवारी २०१५मध्ये सॅन बर्नार्डिनो येथील अरोयो व्हॅली शाळेच्या मुलींनी ब्लूमिंग्टन शाळेला १६१-२ असे हरवले आणि त्यांच्या प्रशिक्षकावर दोन सामन्यांची बंदी आली. उत्तरार्धात आपण प्रेस काढली, मुख्य खेळाडूंना बसवले, असा त्याचा खुलासा होता. तो खोटा मानण्याचे कारण नाही, कारण उत्तरार्धात त्याच्या संघाचे गुण ५७ म्हणजे पूर्वार्धाच्या मानाने बरेच कमी आहेत. पण मध्यंतरालाच फलक १०४-१ असा होता. उपाय योग्य होता. तो सोळा मिनिटे उशिरा झाला.

वेळेचे हे गणित सर्वांत महत्त्वाचे. मध्यंतरापर्यंत थांबणे म्हणजे आग विझल्यावर बंब आणणे. दोन संघांतील अंतर जाणत्या प्रशिक्षकाला वॉर्म-अपमध्येच, ले-अपच्या दोन रांगा पाहून, बहुधा कळलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते शालेय सामन्यात पूर्वार्धात केव्हाही वीस गुणांचा फरक झाला की प्रेस थांबावी, तीसला फास्ट ब्रेक थांबावा, आणि हे आकडे हंगामाच्या आरंभीच खेळाडूंना व पालकांनाही सांगून ठेवावेत. आधीच ठरलेली गोष्ट मुलांना शिस्तीचा भाग वाटते. ऐन सामन्यात अचानक दिलेली सूचना त्यांना शिक्षेसारखी वाटते. डॅलसमधील प्रशिक्षकाच्या त्या खऱ्या अडचणीचे उत्तर बऱ्याच अंशी इथे मिळते.

व्यावसायिक खेळाला हे नियम लागू नाहीत. एनबीएमध्ये २ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिस ग्रिझलीजने ओक्लाहोमा सिटी थंडरला १५२-७९ असे ७३ गुणांनी हरवले. तो त्या लीगमधील सर्वांत मोठा फरक ठरला. पगारी खेळाडूंसाठी कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. तिथेही जिंकणाऱ्या संघाने अखेरच्या सेकंदांत नेम न धरता घड्याळ संपू द्यायचे, असा अलिखित संकेत आहे, आणि तो मोडला तर दुसऱ्या बाकावरून डोळे वटारले जातात.

पराभूत बाकावरचे काम

आतापर्यंत आपण विजेत्याच्या बाजूने पाहिले. हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचे काम याहून अवघड असते, आणि त्याबद्दल लिहिले फार कमी जाते. त्याने गुणफलक मनातून पुसून टाकावा आणि सामन्याचे लहान तुकडे करावेत. पुढच्या तीन मिनिटांत चेंडू पाच वेळा अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा. या सत्रात चेंडू गमावण्याचे प्रमाण मागच्या सत्रापेक्षा कमी करायचे. एक तरी बचावात्मक रिबाउंड आपल्या सर्वांत बुटक्या खेळाडूने घ्यायचा. बाकावरच्या एखाद्या मुलाच्या हाती वही देऊन ही मोजदाद करून घ्यावी. फलकावर १८-८० असताना वहीत ‘पाचपैकी चार’ असे लिहिलेले दिसले तर पुढच्या सत्रात उतरायला काहीतरी निमित्त मिळते.

प्रेस सुटत नसेल तर उंच खेळाडूला मध्यरेषेवर उभे करून दोन पासांत चेंडू बाहेर काढणे, टाइम आउट डावपेचांऐवजी श्वास घेण्यासाठी वापरणे, ही साधी हत्यारेही असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन टाइम आउट मिळतात. एकतर्फी सामन्यात हरणारे प्रशिक्षक लाजेपोटी ते मागतच नाहीत असे पुष्कळदा दिसते. ते मागावेत. पंचांवर चिडणे, आपल्याच खेळाडूंवर ओरडणे, किंवा समोरच्या संघाच्या अंगावर जाणारे फाउल होऊ देणे, याने दुखापतीखेरीज काही पदरी पडत नाही.

मोठ्या पराभवाला अपमान समजण्याचेही कारण नाही. भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच खेळला, १९८०मध्ये मॉस्कोला. तिथे सोव्हिएत संघाने त्याला १२१-६५ असे हरवले. त्या खेळाडूंनी ही हार आयुष्यभर लाजेची गोष्ट म्हणून बाळगायची काय? जगातील सर्वोत्तम संघांपैकी एकाशी ते खेळले होते. बार्सिलोनात १९९२मध्ये अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’ने अंगोलाला ११६-४८ असे हरवले. त्या सामन्यात ४६-१ असा एक सलग टप्पा होता. तरीही टीका झाली ती गुणांवर नव्हे, तर चार्ल्स बार्कलीने अंगोलाच्या एर्लांदेर कोइंब्राला मारलेल्या कोपरावर.

आयोजकांच्या हाती

प्रशिक्षकाच्या सद्‍बुद्धीवरच सगळे सोडणे बरोबर नाही. अमेरिकेत अनेक राज्यांच्या शालेय संघटनांनी ‘धावत्या घड्याळा’चा नियम केला आहे. उत्तरार्धात फरक ठरावीक आकड्यावर, साधारण तीस ते चाळीस गुणांवर गेला की चेंडू बाहेर गेला तरी घड्याळ थांबत नाही. स्पेनमध्ये लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलच्या काही प्रादेशिक स्पर्धांत फरक पन्नासवर गेला की गुणलेखन बंद होते. खेळ मात्र पूर्ण वेळ चालतो. या दोहोंत दुसरी पद्धत अधिक शहाणपणाची वाटते, कारण धावत्या घड्याळात कोर्टवरची मिनिटे कमी होतात ती नेमकी दोन्हीकडच्या राखीव मुलांची.

साखळी स्पर्धेत आणखी एक गोम असते. दोन किंवा तीन संघांचे गुण समान झाले तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार परस्परांमधील सामने आणि मग बास्केटचा फरक पाहिला जातो. म्हणजे फरक वाढवण्यात प्रशिक्षकाचा खरोखर फायदा असू शकतो आणि अशा वेळी त्याला संयमाचे प्रवचन देणे ढोंगीपणाचे आहे. मोजायचा फरक वीस गुणांपुरता मर्यादित करावा, म्हणजे एकविसाव्या गुणाचा मोहच उरत नाही.

आपल्या राज्यातील शालेय स्पर्धांत ही सबबही फारशी नसते. बाद पद्धतीत एका गुणाचा विजय आणि ऐंशी गुणांचा विजय सारखाच. दहावी-बारावीच्या परीक्षेत मिळणारे क्रीडा गुण खेळाडू कोणत्या स्तरापर्यंत पोहोचला यावर ठरतात. तिथे गुणफरकाला काडीचीही किंमत नाही. अडचण वेगळीच आहे. पहिल्या फेरीच्या सोडतीत स्वतःचे कोर्ट व कायमचा प्रशिक्षक असलेली शाळा आणि मातीच्या मैदानावर महिनाभर सराव करून आलेली शाळा समोरासमोर येतात, आणि दुसऱ्या शाळेचे वर्ष सकाळच्या त्या एका सामन्यात संपते. मागील वर्षीच्या कामगिरीनुसार संघांची मानांकने ठरवावीत, आणि पहिल्या फेरीत हरलेल्या संघांची त्याच कोर्टवर दुपारी छोटी साखळी घ्यावी. त्यासाठी लागतात दोन पंच, एक गुणलेखक आणि तीन-चार तास.